तळ्यात, मळ्यात आणि पायरीवर

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पावसाने दोन दिवस उघडीप दिली आणि शारीरिक शिक्षणाचा माझा पहिला सराव पाठ शाळेच्या अंगणात घ्यायला मिळाला. टाचण मी आदल्या रात्री तीनदा लिहून काढले होते. त्यात उद्दिष्टे होती, साहित्याची यादी होती आणि मिनिटांचे रकाने होते: अंग सैल करण्याचे व्यायाम पाच मिनिटे, सावधान-विश्राम पाच मिनिटे, धावण्याची शर्यत पंधरा मिनिटे आणि शेवटची पाच मिनिटे श्वासाच्या व्यायामाला. पहिली-दुसरीच्या त्या १३ मुलांनी हे सगळे आठव्या मिनिटालाच संपवले. शर्यत म्हणजे अंगणाच्या एका टोकापासून फणसाच्या झाडापर्यंत धावत जाणे, एवढेच त्यांच्या लेखी होते. ती तिथे पोचली, झाडाला हात लावला आणि त्यातली निम्मी परत यायचेच विसरून मुळाशी साचलेल्या पाण्यात पाय बुडवून उभी राहिली. मी शिट्टी वाजवत होते. तासिकेची बावीस मिनिटे उरली होती आणि त्या मिनिटांत काय करायचे हे टाचणात कुठेच लिहिलेले नव्हते.

मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा छात्रसेवेचा, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाचा, काळ यंदा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत गेला. पहिली ते चौथी मिळून २७ मुले, दोन खोल्या, एक व्हरांडा, समोर लाल मातीचे अंगण आणि दोन शिक्षिका, असा त्या शाळेचा संसार. पहिली-दुसरीचा एक वर्ग आणि तिसरी-चौथीचा दुसरा. माझ्याबरोबर आणखी एक छात्राध्यापिका होती आणि आम्ही दोघी डिचोलीहून सकाळच्या कदंब बसने जात असू. खेळाचा स्वतंत्र शिक्षक तिथे नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असावे असे सांगितले आहे. मात्र शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही शंभरावर मुले असलेल्या शाळांसाठी आहे. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाला उडी मारायला आणि चेंडू झेलायला जी व्यक्ती शिकवते, ती बहुतेक ठिकाणी त्याला बाराखडी आणि बेरीज शिकवणारीच असते. या विषयाची तयारी आम्ही जितक्या गांभीर्याने करायला हवी तितक्या गांभीर्याने करत नाही, असे मला त्या पहिल्या पाठाच्या संध्याकाळी प्रथमच तीव्रतेने जाणवले.

दुसऱ्या दिवसापासून पाऊस पुन्हा सुरू झाला. गोव्यात जून-जुलैमध्ये अंगणावर अवलंबून राहून खेळाची तासिका आखणे शक्य नसते. अंगणात चिखल आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. म्हणून पुढचे पाच आठवडे आमचे मैदान म्हणजे तो व्हरांडा होता, साधारण पंधरा पावले लांब आणि चार पावले रुंद. तिथे एक चूक माझ्या हातून झाली, ती लिहायलाच हवी. तिरप्या पावसाने फरशी एका बाजूला ओली झालेली मी पाहिली होती, तरीही मुलांना दोन रांगांत पळत जाऊन परत यायला सांगितले. दुसरीतला एक मुलगा वळताना घसरला आणि त्याची हनुवटी फुटली. टाके पडले नाहीत, पण त्याच्या शर्टावरचे रक्त पाहून मला माझ्या तळहातांचा कंप आवरेना. मुख्याध्यापिका बाईंनी जखम धुतली, पट्टी लावली, त्याच्या आईला बोलावून घेतले आणि नंतर मला शांतपणे एवढेच म्हणाल्या, "आधी आपले पाय फिरवून बघायचे, मग मुलांचे." त्या दिवसापासून प्रत्येक तासिकेआधी मी गोणपाटाने फरशी पुसून घेत असे आणि स्वतः अनवाणी एक फेरी मारत असे. ओल्या दिवशी पळण्याचे खेळ मी बंदच केले आणि जागच्या जागी उड्या, तोल, वाकणे आणि वळणे यांवर आले.

जागच्या जागी उड्या म्हटल्यावर आपल्याकडे कोणालाही तळ्यात-मळ्यात आठवते. खडूने एक रेघ ओढायची. पलीकडे तळे, अलीकडे मळा. मी 'तळ्यात' म्हटले की पुढे उडी, 'मळ्यात' म्हटले की मागे, आणि फसवण्यासाठी एकच शब्द दोनदा. जो चुकेल तो बाद. मुले खूश होती, हसत होती, व्हरांडा दणाणून जात होता आणि माझी तासिका पूर्ण तीस मिनिटे भरत होती. दोन आठवडे मला वाटत राहिले की मला आता जमू लागले आहे.

पहिलीत एक मुलगी होती, वर्गात सर्वांत लहान चणीची. ती दोन्ही पायांनी एकदम उडी मारू शकत नसे. आधी उजवा पाय पडे, मग डावा. त्यामुळे ती दुसऱ्या-तिसऱ्या हाकेलाच बाद होई आणि अंगणात उतरणाऱ्या पायरीवर जाऊन बसे, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेऊन. तिची तक्रार काहीच नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मी रेघ ओढत असतानाच ती माझ्याजवळ आली आणि तिने अगदी सहज कोकणीत विचारले, "टीचर, हांव बसूं?" म्हणजे, मी बसू? खेळ अजून सुरूही झाला नव्हता. आपण कुठे बसायचे हे तिला ठाऊक झाले होते, आणि ते तिला मीच शिकवले होते.

पुढच्या तासिकेला मी माझ्या सोबतच्या छात्राध्यापिका मैत्रिणीला मोबाइलवर वेळ मोजायला सांगितले. नेमके एवढेच मोजायचे होते की ती मुलगी प्रत्यक्षात किती वेळ हालते आहे. तीस मिनिटांत सहा मिनिटे. जो मुलगा शेवटपर्यंत टिकत असे तो वीस मिनिटांच्या वर उड्या मारत होता. म्हणजे ज्याला उडी येते त्याला आणखी उड्या मारायला मिळत होत्या आणि जिला उडी शिकायची होती ती पायरीवर बसून इतरांच्या उड्या बघत होती. वाचनाच्या तासाला एखादे मूल जोडाक्षराला अडखळले, म्हणून त्याच्या हातातले पुस्तक काढून घेऊन आपण त्याला कोपऱ्यात बसवत नाही. खेळाच्या तासाला मात्र हे आपण रोज करतो आणि त्याला खेळाचा नियम म्हणतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते दमदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. हा आकडा आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या सहा मिनिटांसमोर तो आठवला तेव्हा त्याचा अर्थ मला कळला.

बाद करणे थांबवायचे ठरवणे सोपे होते. खेळ टिकवणे अवघड होते. मी व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन तळी आखली आणि सांगितले की एका तळ्यात चुकलेल्याने दुसऱ्या टोकाच्या तळ्यावर जाऊन तिथे खेळायचे. पहिल्या दिवशी चांगल्या उड्या मारणारी मुले नाराज झाली. "मागीर कोण जिखलो?" (मग जिंकले कोण?) असे त्यांनी मला तीन-चारदा विचारले, आणि तो प्रश्न खोटा नव्हता, जिंकण्यासाठी चढाओढ करण्यात मुलांना आनंद असतो आणि तो हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. म्हणून त्यांना मी अधिक अवघड काम दिले: एका पायावर उडी, डोळे मिटून उडी, उडी मारून हवेत टाळी. त्या छोट्या मुलीला रेघेवरून उडी मारायला लावण्याऐवजी सर्वांत खालच्या पायरीवरून खाली उडी मारायला दिली, कारण उंचीवरून खाली उडी मारताना दोन्ही पाय एकदम टेकवणे तिला सोपे जाईल असे मला वाटले. आठ-दहा दिवसांनी तिचे पाय रेघेवरूनही एकत्र उचलू लागले.

याच शोधात मला विषामृत पुन्हा सापडले. हा खेळ मी लहानपणी असंख्य वेळा खेळले होते, पण त्याकडे शिक्षिकेच्या नजरेने पाहिले नव्हते. राज्य घेणाऱ्याने शिवून 'विष' म्हटले की मूल जागेवर खिळते, आणि सोबत्याने येऊन 'अमृत' म्हणत हात लावला की ते पुन्हा पळू लागते. कोणीच कायमचा बाद होत नाही. शिवाय जे मूल फार वेगाने पळू शकत नाही त्यालाही दुसऱ्याला सोडवण्याचे काम असते, आणि ते काम सर्वांना हवे असते. आपल्या जुन्या खेळांत परत येण्याची ही वाट आधीपासून आहे. ती ज्या खेळात आहे तो खेळ लहान मुलांसाठी आधी निवडावा, आणि ज्यात ती नाही तो थोडा मोठ्या मुलांसाठी ठेवावा, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

भाषेचाही एक धडा मला याच अंगणात मिळाला. इथल्या बहुतेक मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते, दोन मुलांच्या घरी कन्नड, आणि शाळा मराठी. वर्गात बसलेले असताना 'थांबा' हा शब्द त्यांना नीट कळत असे. पण धावण्याच्या भरात तो त्यांच्या कानांपर्यंत पोचत नसे. मी दोनदा ओरडले तरी चार-पाच जण पळतच राहत. एकदा माझ्या तोंडून घरच्यासारखे "रावात!" निघाले आणि अख्खे अंगण एका क्षणात थांबले. त्यानंतर मी सूचना मराठीतच दिल्या, पण थांबण्याची आज्ञा मात्र कोकणीतच ठेवली, आणि कन्नड बोलणाऱ्या त्या दोघांसाठी तिच्या जोडीला हात वर करण्याची खूण ठेवली. शरीराला सुरक्षित ठेवणारा शब्द मुलाच्या सर्वांत जवळच्या भाषेत असावा, याबद्दल मला शंका उरलेली नाही.

गणेश चवथीची सुट्टी संपवून मुले परत आली ती फुगड्या घेऊनच. दोन-चार दिवस घरोघरी मोठ्या बायकांच्या फुगड्या पाहिलेल्या त्या मुलींचे पाय व्हरांड्यात आपोआप फिरू लागले होते, तेव्हा मी टाचणातला ठरलेला पाठ बाजूला ठेवला. दोघांनी हात अढी घालून धरायचे, पायांचे चवडे जवळ आणायचे, अंग मागे टाकायचे आणि फिरायचे, एवढीच कृती, पण तिच्यात तोल, पकड आणि दुसऱ्याच्या वजनाचा अंदाज अशा तिन्ही गोष्टी एकदम शिकता येतात. मागे झुकायला मुले घाबरतात. ती कोपरात हात वाकवून एकमेकांच्या जवळ सरकतात आणि मग पाय गुंततात. 'हात सरळ, पाठ मागे' हे सांगून उपयोग होत नाही. मी एकेका मुलाचे हात स्वतः धरून त्याला हळूहळू मागे झुकू दिले आणि मी सोडणार नाही हे त्याच्या अंगाला कळेपर्यंत तशीच उभी राहिले. जोड्या लावताना उंचीपेक्षा वजन पाहायला हवे, हेही लवकरच समजले, कारण हलके मूल जड मुलाकडे ओढले जाते आणि दोघे एकाच बाजूला कलंडतात. थांबताना हात सोडायचे नाहीत, वेग कमी करत जागेवर यायचे, हा एकच नियम मी कडकपणे पाळायला लावला. मुलगेही फिरले. १३ मुलांत एकाची जोडी उरत असे, ती माझ्याशी जमे.

सप्टेंबरच्या अखेरीस अंगण वाळले आणि चेंडू बाहेर निघाला. फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ आहे आणि सत्तरीच्या मुलांनाही त्याची ओढ आहे, परंतु एक फुटबॉल आणि तेरा मुले असली की तो चेंडू तिघांच्याच पायांना लागतो. उरलेली दहा मुले चेंडूमागे घोळका करून पळतात, किंवा पळायचेही सोडून देतात. झेलण्याचे तर त्याहून अवघड होते. मी फेकलेला चेंडू जवळ आला की बहुतेक मुले मान फिरवत, डोळे मिटत आणि दोन्ही हात छातीशी कवटाळत. चेंडू तोवर अंगावर आपटून दूर घरंगळलेला असे आणि तो आणायला जाण्यातच सगळा वेळ जाई. या वयातले हे डोळे मिटणे म्हणजे भीतीने घेतलेली काळजी आहे. तिला चूक म्हणून ओरडले की ती वाढते.

मी आईच्या जुन्या सुती साडीच्या १४ पिशव्या शिवल्या, तळहातावर मावतील एवढ्या, आणि त्यांत चिंचोके भरले. पिशवी लागत नाही, घरंगळत नाही, पडली तर पायाशीच पडते, आणि प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःची असते. प्रत्येक पिशवीच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या दोऱ्याने एकेक मोठा ठिपका भरला होता. मुलाने पिशवी स्वतःच वर उडवायची, झेलायची आणि हातात आली तेव्हा वर कुठला रंग होता ते सांगायचे. पहिल्या दिवशी सगळे पिशवी झेलल्यानंतर खाली बघून रंग सांगत होते. मग मी विचारले की हवेत सर्वांत उंच गेली तेव्हा कुठला रंग दिसला. त्या प्रश्नाने नजर वर गेली आणि तिथेच राहिली. ज्या मुलाची हनुवटी फुटली होती तो सर्वांत जास्त काळ डोळे मिटत होता. तो पिशवी नाकाच्या उंचीपेक्षा वर उडवतच नसे. मी त्याला काही म्हणाले नाही. चौथ्या दिवशी पिशवी त्याच्या डोक्याच्या वर गेली, त्याने मान मागे टाकून ती पाहिली, "तांबडो" म्हणाला, आणि पिशवी त्याच्या उघड्या ओंजळीत पडली. छातीला हात न लावता झेललेला तो त्याचा पहिला झेल होता. त्याने पिशवी पालथी-उताणी करून बघितली आणि लगेच पुन्हा वर उडवली.

फेकण्यातही अशीच एक बारीक गोष्ट होती. लहान मुले उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकतात, त्यामुळे कंबर वळत नाही आणि फेक दोन-तीन पावलांवरच पडते. 'डावा पाय पुढे' असे सांगितले की सहा वर्षांचे मूल आधी डावा कुठला हे शोधण्यात अडकते. मी जमिनीवर फक्कीने प्रत्येकासाठी एकच पाऊल काढले आणि त्या पावलावर पाय ठेवून फेकायला सांगितले. डावखुऱ्या दोघांसाठी पाऊल उलट काढले. सूचना द्यावी लागलीच नाही.

उन्हाचा प्रश्न ऑक्टोबरमध्ये आला. शाळा सकाळी आठला भरते आणि खेळाची तासिका वेळापत्रकात शेवटची, म्हणजे साडेबाराची होती. वजनाच्या मानाने लहान मुलांच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो आणि त्यांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, त्यामुळे कडक उन्हात त्यांचे अंग लवकर तापते. मी बाईंना विनंती केली आणि त्यांनी तासिका परिपाठानंतर लगेच लावून दिली. एवढ्या एका बदलाने मुलांची चिडचिड थांबली, आणि गणिताचा तासही अधिक शांत जाऊ लागला, असे बाईंनीच सांगितले.

माझ्या मूल्यमापनाच्या पाठाला आलेल्या अध्यापकांनी शेऱ्यात लिहिले की वर्गनियंत्रण अपुरे आहे, मुले रांगेत नाहीत आणि गोंगाट फार आहे. गुण अपेक्षेपेक्षा कमी मिळाले आणि त्याचे मला वाईट वाटले, कारण त्या दिवशी तेराच्या तेरा मुले पिशव्या उडवत होती आणि एकही मूल बसलेले नव्हते. रांगेत उभे राहून आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या मुलाचा व्यायाम होत नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. त्यांचा एक मुद्दा मात्र पूर्णपणे बरोबर होता. मी मुलांच्या मधोमध उभी राहते, त्यामुळे निम्मी मुले सतत माझ्या पाठीमागे असतात. अंगणाच्या कडेला, सगळी नजरेत येतील अशा जागी उभे राहायला मी त्यानंतर शिकले. हनुवटीच्या त्या प्रसंगानंतर हे मला स्वतःहून सुचायला हवे होते.

छात्रसेवेच्या शेवटच्या तासिकेला आम्ही विषामृत खेळलो. त्या लहान मुलीने राज्य मागून घेतले. तिला फारसे कोणी सापडले नाही, पण ती पळत राहिली, आणि नंतर राज्य गेले तेव्हा दोघांना सोडवूनही आली. मैत्रिणीने न सांगताच मोबाइलवर वेळ लावली होती. तीस मिनिटांत एकवीस मिनिटे. तो आकडा मी टाचणवहीत, जुलैतल्या सहाच्या शेजारी लिहून ठेवला.

पिशव्या शाळेलाच दिल्या. बाईंनी आधी त्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. निघताना पाहिले तर त्यांनी त्या एका टोपलीत घालून व्हरांड्याच्या कठड्याखाली, मुलांचे हात पोचतील अशा जागी ठेवल्या होत्या.